जेफरसन कुटुंब घर बदलते: एका मालिकेच्या शाखांचा इतिहास

(१)
शनिवार, १८ जानेवारी १९७५. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर जॉर्ज आणि लुईस जेफरसन हे मध्यमवयीन कृष्णवर्णीय दांपत्य क्वीन्समधील आपले घर सोडून मॅनहॅटनच्या पूर्व भागातील एका उंच, महागड्या इमारतीत राहावयास आले. त्याच भागात, इमारतीत घरकाम करणारी एक कृष्णवर्णीय स्त्री लुईसलाही मोलकरीणच समजते. लुईस तेथील रहिवासी असेल, हे तिच्या मनातही येत नाही.

(२)
प्रेक्षक मात्र लुईसला ओळखत होते. १९७१पासून ते तिला दुसऱ्या एका मालिकेत शेजारीण म्हणून पाहत आले होते. गाजलेल्या मालिकेतील एखादे पात्र उचलून त्याच्याभोवती नवी मालिका उभी करणे, यालाच ‘स्पिन-ऑफ’ म्हणतात. आपण तिला शाखा-मालिका म्हणू. अशा शाखेकडून प्रेक्षक नेमके काय मागतो? आणि त्याने मागितलेले दिले, तर काय होते? आजचा धागा याविषयी.

(३)
ही कल्पना दूरचित्रवाणीहून जुनी आहे. अमेरिकी नभोवाणीवर ‘फिबर मॅगी अँड मॉली’ ही विनोदी मालिका लोकप्रिय होती. तीत फिबरशी सतत हुज्जत घालणारा गिल्डरस्लीव्ह नावाचा एक फुगीर शेजारी होता. ३१ ऑगस्ट १९४१ रोजी एनबीसीवर त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली: ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’. यशस्वी शाखा-मालिकांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच धरला जातो.

(४)
लेखकांपुढे तेव्हाच एक पेच उभा राहिला. गिल्डरस्लीव्हची सारी गंमत फिबरशी होणाऱ्या भांडणात होती. फिबर वगळल्यावर उरणार काय? त्यांनी त्याला दुसऱ्या गावी पाठवले आणि एक भाची व एक भाचा यांच्या पालनपोषणाची जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली. भांडखोर शेजारी आता धांदरट पण प्रेमळ मामा झाला. हॅरल्ड पिअरी यांचा आवाज आणि ते खास हसणे तेच राहिले. माणसाला मात्र नवे काळीज मिळाले.

(५)
आता तीस वर्षे पुढे येऊ. १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसवर ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेवरून निर्माते नॉर्मन लियर यांनी ती बेतली होती. क्वीन्समधील श्वेतवर्णीय कामगार आर्ची बंकर, त्याची भाबडी पत्नी ईडिथ, मुलगी ग्लोरिया आणि उदारमतवादी जावई माइक ही त्यातील चौकडी. आर्ची उघड पूर्वग्रहांचा माणूस. पहिल्या भागाआधी वाहिनीने खबरदारीची सूचना दाखवली.

(६)
आरंभी प्रतिसाद थंड होता. पुढे मात्र ही मालिका सलग पाच हंगाम देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. हिचे चित्रीकरण स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर, नाटकासारखे होत असे, हशा त्यांचाच. बंकरांच्या बैठकीच्या खोलीत येणारा प्रत्येक पाहुणा आर्चीशी वाद घाली. जो पाहुणा वादात आर्चीला पुरून उरे, तो प्रेक्षकांच्या लक्षात राही. शाखा फुटल्या त्या याच खोलीतून.

(७)
पहिली पाहुणी होती ईडिथची मामेबहीण मॉड. डिसेंबर १९७१मध्ये आजारी कुटुंबाची शुश्रूषा करायला ती आली आणि तिने आर्चीला शब्दाशब्दाला निरुत्तर केले. बीआ आर्थर यांची ती उंच मूर्ती आणि खर्जातला आवाज वाहिनीच्या अधिकाऱ्यांच्या मनात भरला. पुढच्या मार्चमध्ये मूळ मालिकेचाच एक भाग तिच्या घरी घडवून चाचणी घेतली गेली. सप्टेंबर १९७२मध्ये ‘मॉड’ स्वतंत्रपणे सुरू झाली.

(८)
येथेही गिल्डरस्लीव्हचाच पेच होता. मॉड आर्चीशी भांडते म्हणून प्रेक्षकांना आवडली. नव्या मालिकेत आर्ची नव्हता. लियर यांनी तिला न्यूयॉर्कच्या एका उपनगरात चौथ्या पतीसह बसवले आणि तिचा सामना तिच्याच तत्त्वांशी लावून दिला. आर्चीच्या पूर्वग्रहांना हसणारा सुशिक्षित, उदारमतवादी प्रेक्षक आता स्वतःच्याच ढोंगाकडे पाहत होता.

(९)
नोव्हेंबर १९७२मध्ये दोन भागांच्या एका कथेत सत्तेचाळीस वर्षांची मॉड अनपेक्षितपणे गर्भवती राहते आणि विचारांती गर्भपाताचा निर्णय घेते. न्यूयॉर्क राज्यात १९७०पासून गर्भपात कायदेशीर होता. देशभर त्याला घटनात्मक संरक्षण देणारा ‘रो विरुद्ध वेड’ खटल्याचा निकाल यायला मात्र अजून दोन महिने होते. इलिनॉय राज्यातील दोन संलग्न केंद्रांनी भाग दाखवण्यास नकार दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये पुनःप्रक्षेपणाच्या वेळी विरोध कितीतरी पटींनी वाढला.

(१०)
हा विरोध गर्भपाताला होता हे उघडच आहे. परंतु त्यात शाखा-मालिकेचेही एक तत्त्व दिसते. पाहुणी म्हणून आलेले पात्र मते मांडते. नायिका झालेल्या पात्राला ती मते जगावी लागतात. पाहुण्याचे मत आपण हसून सोडून देतो. नायिकेचा निर्णय मात्र आपल्या दिवाणखान्यात घेतलेला वाटतो. तरीही ‘मॉड’ सहा हंगाम चालली.

(११)
त्याच काळात सीबीएसवरच दुसऱ्या एका घराण्याची शाखा फुटली. ‘द मेरी टायलर मूर शो’मधील ऱ्होडा ही मेरीची अविवाहित, तिखट जिभेची मैत्रीण. सप्टेंबर १९७४मध्ये तिची मालिका सुरू झाली आणि आठव्याच आठवड्यात तिचे लग्न लागले. तो भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. पण संसारी ऱ्होडाच्या बोलण्यातील धार बोथट होत चालली, असे निर्मात्यांनाच वाटू लागले.

(१२)
१९७६मध्ये त्यांनी ऱ्होडा आणि तिच्या पतीला वेगळे केले. प्रेक्षक संतापले आणि मालिकेची लोकप्रियता घसरली. प्रेक्षकांना ऱ्होडाचे सुख हवे होते आणि तिची जुनी धारही हवी होती. ही दोन्ही एकत्र नांदत नव्हती. प्रेक्षकाची मागणी पुरी करणे आणि त्याला समाधान देणे या एकच गोष्टी नव्हेत, हे येथे प्रथम इतके स्पष्ट दिसले.

(१३)
आता मॉडच्या घरी परत येऊ. तिथे घरकाम करणारी फ्लोरिडा इव्हान्स ही कृष्णवर्णीय स्त्री मॉडला चोख उत्तरे देई. ही भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांच्यासाठी नवी मालिका करण्याचे ठरले: शाखेची शाखा. रोल यांनी एक अट घातली. कुटुंबात पती आणि पिता असलाच पाहिजे. एकट्या आईची कथा त्या करणार नव्हत्या.

(१४)
या अटीमागे इतिहास होता. १९६८च्या ‘ज्युलिया’ मालिकेतील कृष्णवर्णीय नायिका विधवा होती. तिचा पती व्हिएतनाममध्ये मारला गेला होता. आई, वडील आणि मुले एकत्र राहणारे कृष्णवर्णीय कुटुंब विनोदी मालिकांत जवळपास दिसतच नसे. रोल यांच्या हट्टामुळे जॉन एमॉस यांची जेम्स इव्हान्स या पित्याच्या भूमिकेसाठी निवड झाली. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘गुड टाइम्स’ सुरू झाली.

(१५)
गंमत पाहा. ‘मॉड’मध्ये फ्लोरिडाच्या पतीचे नाव हेन्री होते, तो अग्निशामक दलात होता आणि दोघे न्यूयॉर्कमध्ये राहत. ‘गुड टाइम्स’मध्ये तो जेम्स झाला, बेकारीशी झगडू लागला आणि कुटुंब शिकागोच्या सरकारी वसाहतीत आले. प्रेक्षकांनी हे सारे निमूटपणे स्वीकारले. पत्ता बदलला, नवऱ्याचे नाव बदलले तरी चालले, कारण फ्लोरिडा तीच होती: तोच कणा, तीच नजर.

(१६)
खरा संघर्ष वेगळ्याच ठिकाणाहून आला. इव्हान्स कुटुंबातील थोरला मुलगा जेजे हा चित्रकलेचे अंग असलेला, किडकिडीत, बढाईखोर तरुण. विनोदी कलावंत जिमी वॉकर ही भूमिका करीत. दिग्दर्शक जॉन रिच यांच्या आग्रहामुळे ‘डायनामाइट’ हा शब्द तोडून-ताणून उच्चारणे ही त्याची ओळख बनली. तो शब्द येताच स्टुडिओ दणाणून जाई. पुढच्या भागात प्रेक्षक त्याचीच वाट पाहत.

(१७)
मग लेखकही त्याचीच वाट पाहू लागले. गरिबी, शिक्षण, वर्णद्वेष यांच्या कथा मागे सरल्या आणि जेजेचा विदूषकी थाट पुढे आला. रोल आणि एमॉस यांनी उघड तक्रार केली. न शिकणारा, कामधंदा न करणारा, नुसता दात दाखवणारा तरुण कृष्णवर्णीय मुलांपुढे आदर्श म्हणून उभा राहतो आहे, अशी रोल यांची व्यथा होती. १९७५मध्ये ‘एबनी’ मासिकात त्यांनी ती स्पष्ट शब्दांत मांडली.

(१८)
वाद विकोपाला गेला आणि तिसऱ्या हंगामानंतर एमॉस यांना मालिकेतून काढण्यात आले. सप्टेंबर १९७६मध्ये चौथ्या हंगामाच्या आरंभीच कथेतील जेम्सचा मिसिसिपीत मोटार अपघातात मृत्यू दाखवला गेला. मिसिसिपीत त्याला चांगली नोकरी मिळाली होती आणि कुटुंब तिकडे जाण्याच्या तयारीत होते. अंत्यविधीनंतर बराच काळ शोक गिळणारी फ्लोरिडा अखेर हातातले काचेचे भांडे जमिनीवर आपटते. ते दृश्य आजही लोक विसरलेले नाहीत.

(१९)
ज्या पित्यासाठी रोल यांनी अट घातली होती, तो आता नव्हता. पुढच्या वर्षी त्याही मालिका सोडून गेल्या. १९७८मध्ये त्या परतल्या खऱ्या, पण तोवर घर विस्कटले होते. १ ऑगस्ट १९७९ रोजी ‘गुड टाइम्स’ संपली. प्रेक्षकांच्या टाळीमागे धावता धावता मालिकेने तिचा पायाच गमावला होता.

(२०)
परंतु ‘प्रेक्षक’ म्हणजे नेमके कोण? स्टुडिओत टाळ्या वाजवणारे? घरी बसून पाहणारे? लियर यांनी पुढे सांगितलेली एक आठवण येथे महत्त्वाची आहे. ज्या संघटनेवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरचे तीन सदस्य एके दिवशी त्यांच्या कार्यालयात आले. ‘गुड टाइम्स’वर ते रागावलेले होते.

(२१)
त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: पडद्यावरचा कृष्णवर्णीय माणूस दरवेळी दरिद्रीच का? कुटुंब पोसण्यासाठी त्याने तीन-तीन कामेच का करावीत? लियर यांच्या सांगण्यानुसार, आर्चीच्या शेजाऱ्यांना श्रीमंत करून मॅनहॅटनला हलवण्याच्या विचाराला या भेटीने बळ दिले. प्रेक्षकाने निर्मात्याच्या दारात येऊन शाखा-मालिकेची मागणी करावी, असे प्रसंग विरळाच.

(२२)
जेफरसन कुटुंबाची पेरणी जुनी होती. मुलगा लायनेल आणि आई लुईस १९७१पासूनच ‘ऑल इन द फॅमिली’त दिसत, वडील जॉर्ज मात्र फक्त बोलण्यात येई. लियर यांना त्या भूमिकेसाठी शर्मन हेमस्ली हवे होते आणि ते ब्रॉडवेवर ‘पर्ली’ या संगीतिकेत गुंतले होते. लियर थांबले. १९७३मध्ये जॉर्ज प्रथम पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षक दोन वर्षे त्याच्याविषयी ऐकत होते.

(२३)
जॉर्ज हा कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची दुकाने काढून वर आलेला माणूस. ताठ, चिडका, आणि श्वेतवर्णीयांविषयी तितकाच पूर्वग्रह बाळगणारा. म्हणजे आर्चीचेच आरशातील रूप. त्यामुळे आर्चीशिवायही त्याची मालिका तग धरू शकली: भांडणाची ठिणगी त्याने स्वतःबरोबरच आणली होती. ११ जानेवारी १९७५च्या भागात कुटुंबाने बंकरांचा निरोप घेतला आणि आठवड्याने नवे घर उघडले.

(२४)
नव्या इमारतीतील टॉम आणि हेलन विलिस हे श्वेतवर्णीय पती आणि कृष्णवर्णीय पत्नी असे दांपत्य होते. अशा विवाहांवरील राज्यांचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वी. हेलनची भूमिका करणाऱ्या रॉक्सी रॉकर यांचे पतीही श्वेतवर्णीय होते. शीर्षकगीत गायले होते जॅनेट डुबॉइस यांनी. त्याच ‘गुड टाइम्स’मध्ये फ्लोरिडाची शेजारीण विलोना होत्या. एका शाखेतील शेजारणीने दुसऱ्या शाखेतील शेजाऱ्यांचे मंगलगान गावे, तसे हे झाले.

(२५)
१९७४-७५च्या हंगामाची क्रमवारी पाहा. ‘ऑल इन द फॅमिली’ पहिली, ‘द जेफरसन्स’ चौथी, ‘गुड टाइम्स’ सातवी, ‘मॉड’ नववी. पहिल्या दहांत चार मालिका एकाच झाडाच्या. ‘ऱ्होडा’ सहावी होती. म्हणजे त्या वर्षी अमेरिकेतील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या दहा मालिकांपैकी चार या शाखा-मालिका होत्या.

(२६)
हे झाड वाटेल तेथे फुटत मात्र नव्हते. जेफरसनांच्या घरी काम करणारी फ्लॉरेन्स (मार्ला गिब्ज) जॉर्जला सतत टोचून बोले आणि प्रेक्षक खूश होत. १९८१मध्ये ‘चेकिंग इन’ या मालिकेत तिला एका हॉटेलातील कर्मचाऱ्यांची प्रमुख केले गेले. चारच भागांत मालिका आटोपली. हॉटेलला आग लागली असे सांगून फ्लॉरेन्स पूर्वीच्या कामावर परतली. जॉर्जशिवाय तिच्या टोमण्यांना धनीच नव्हता.

(२७)
दुसरे उदाहरण याहून करुण आहे. कोरियन युद्धावरील ‘मॅश’ मालिकेचा अखेरचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. सातच महिन्यांत त्यातील तीन पात्रांना घेऊन, युद्धानंतरच्या सैनिकी रुग्णालयात घडणारी ‘आफ्टरमॅश’ आली. आरंभी प्रेक्षक आले. दुसऱ्या हंगामात ‘द ए-टीम’समोर ती कोसळली. ओळखीचे चेहरे होते. ज्या मरणाच्या छायेत त्यांचा विनोद फुलला होता, ती छाया मात्र उरली नव्हती.

(२८)
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. प्रेक्षक तोंडाने पात्र मागतो. त्याला खरे हवे असते ते त्या पात्रामुळे पेटणारे भांडण. गिल्डरस्लीव्हला मुले मिळाली, मॉडला तिची तत्त्वे मिळाली, जॉर्जने स्वतःचा ताठा आणला, ते टिकले. फ्लॉरेन्सला हॉटेल मिळाले, पण प्रतिस्पर्धी मिळाला नाही. आणि ‘गुड टाइम्स’ सांगते की टाळी हा प्रेक्षकाच्या मागणीचा सर्वांत मोठा आवाज असतो, एकमेव नव्हे.

(२९)
‘द जेफरसन्स’ अकरा हंगाम आणि २५३ भाग चालली. मूळ मालिकेपेक्षाही अधिक. १९८१मध्ये लुईसच्या भूमिकेसाठी इझाबेल सॅनफर्ड यांना एमी पारितोषिक मिळाले. विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. तरीही १९८५मध्ये मालिका बंद झाली, तेव्हा तिला निरोपाचा भागसुद्धा मिळाला नाही. वर गेलेल्या कुटुंबाची कथा अर्ध्या वाक्यावर थांबावी, तशी ती थांबली.

(३०)
एप्रिल १९९४मध्ये लियर यांनी पुन्हा क्वीन्समधील आर्चीचे ते घर उघडले. ‘७०४ हाउझर’ मध्ये आता तेथे कृष्णवर्णीय कुटुंब राहत होते: उदारमतवादी कामगार पिता आणि त्याचा पुराणमतवादी मुलगा. पित्याच्या भूमिकेत होते जॉन एमॉस, ज्यांना अठरा वर्षांपूर्वी ‘गुड टाइम्स’मधून काढले होते. मालिकेचे पाचच भाग प्रसारित झाले. प्रेक्षकांना घर ओळखीचे होते. त्यांच्या मनात राहणारी माणसे मात्र केव्हाच निघून गेली होती.

(३१)
२२ मे २०१९ रोजी एबीसी वाहिनीने ‘ऑल इन द फॅमिली’ आणि ‘द जेफरसन्स’ यांचा एकेक भाग नव्या नटसंचात, प्रेक्षकांसमोर थेट सादर केला. जेफरसनांच्या घराची घंटा वाजली, दार उघडले, आणि समोर सत्त्याऐंशी वर्षांच्या मार्ला गिब्ज उभ्या होत्या, पुन्हा फ्लॉरेन्स म्हणून. स्टुडिओ टाळ्यांनी भरून गेला. त्या आल्या होत्या कामासाठी मुलाखत द्यायला, आणि समोर, टोमणे झेलायला, पुन्हा एक जॉर्ज होता.

धागा समाप्त. तुमच्या आवडत्या मालिकेतील एखादे दुय्यम पात्र आठवा आणि स्वतःला विचारा: त्याला वेगळे घर दिले, तर तिथे ते कोणाशी भांडेल?